रंगाला दोष देऊ नका, ढाबळवाल्याला द्या

होमर पाळणाऱ्यांच्या गप्पांत दोन वाक्यं हमखास कानावर येतात. जुनी मंडळी म्हणतात, "रंगीत पाखरू रेसला चालत नाही." मोबाइलवर व्हिडिओ टाकणारे म्हणतात, "रेअर कलर, रेसिंग लाइन, लवकर बोला." पहिलं वाक्य आळशीपणाचं आहे, दुसरं बहुतेक वेळा फसवणुकीचं. गंमत म्हणजे दुसऱ्यामुळेच पहिलं खरं वाटायला लागतं. प्रदर्शनातलं देखणं कबूतर रेसर म्हणून विकलं जातं, त्याची पिल्लं पहिल्याच लांब पल्ल्यात हरवतात आणि सगळा दोष रंगावर जातो. विकणारा मात्र मोकळा!

आधी रंग म्हणजे काय ते बघू. कबुतराचे मूळ रंग तीनच: राखाडी-लाल, निळा आणि तपकिरी. तिन्ही एकाच जीनची तीन रूपं आहेत. लाल निळ्यावर वरचढ, निळा तपकिरीवर. हा जीन लिंग ठरवणाऱ्या गुणसूत्रावर बसतो, त्यामुळे निळा नर आणि लाल मादी अशी जोडी लावली की मुलगे लाल आणि मुली निळ्या निघतात. पंखावर दोन पट्टे की ठिपके, हे वेगळाच जीन ठरवतो. आता छातीचा स्नायू किती दमदार, हृदय किती मोठं, भूक लागली तरी घराकडेच वळायची ओढ किती, हे एखाद्या जीनचं काम नाही. शेकडो जीन, वर दाणा, सराव आणि तब्येत. एका रंगाच्या जीनने हा सगळा पसारा बिघडतो म्हणणं म्हणजे दाराचा रंग बदलला म्हणून घर गळायला लागलं म्हणण्यासारखं आहे.

मग रंगीत पाखरं मागे का पडतात? हिशोब करा. समजा तुमच्याकडे शंभर पिल्लं झाली आणि पुढच्या वर्षी जोड्यांसाठी दहा ठेवायची आहेत. फक्त वेग बघितलात तर शंभरातली पहिली दहा निवडाल. पण तुम्हाला हवा असलेला रंग दबून राहणारा असेल आणि आई-बाप दोघंही तो लपवून बाळगणारे असतील, तर तो पंचवीसच पिल्लांत दिसेल. त्या पंचविसातून दहा घेतलीत की निवड संपली. जे पाखरू शंभरात चाळिसावं आलं असतं, तेही रंगाच्या तिकिटावर आत शिरतं. हेच चार-पाच पिढ्या चाललं की ढाबळ देखणी होते आणि रेसच्या दिवशी रिकामी राहते. वेग रंगाने खाल्ला नाही. तो तुमच्या निवडीने खाल्ला.

उपायही याच हिशोबात आहे. उरलेली पंच्याहत्तर साधी पिल्लं तुम्ही काढून टाकता, पण त्यांतल्या दर तिघांपैकी दोघांच्या पोटात तोच रंग लपलेला असतो! त्यातलं सगळ्यात वेगवान पाखरू ठेवा. रंग कुठेही जात नाही, दबा धरून बसतो. डार्विनने पांढऱ्या फॅनटेल आणि काळ्या बार्ब कबुतरांचा संकर केला, तेव्हा नातवंडांत एक पाखरू चक्क रानपारव्यासारखं निळं, पंखावर दोन काळे पट्टे असलेलं निघालं. १८५९च्या पुस्तकात त्याने हे लिहून ठेवलंय. आपण अजून रंग पळून जाईल म्हणून घाबरतोय.

बाहेरून रंग आणायचा असेल तर रस्ता कंटाळवाणा, पण सरळ आहे. रंगीत पाखरू तुमच्या सिद्ध झालेल्या रेसरला लावा. पिल्लांत रेसरचं रक्त निम्मं. त्यातलं रंग बाळगणारं आणि उडून परत आलेलं पाखरू दुसऱ्या चांगल्या रेसरला लावा: पाऊण. मग सात अष्टमांश, मग पंधरा षोडशांश. रेसर दर वेळी वेगळा घ्या, नाहीतर जवळच्या नात्यातल्या जोड्यांनी दम जाईल. आणि प्रत्येक पिढी टोपलीत भरून रेसला पाठवा. "हे ब्रीडिंगसाठी ठेवलंय" हे वाक्य ज्या पिढीत उच्चारलं, तिथेच लाइन मेली. वरचढ रंग प्रत्येक पिढीत डोळ्यांना दिसतो, म्हणून सोपा. दबणाऱ्या रंगाला मधल्या पिढ्यांत चाचणीच्या जोड्या लावाव्या लागतात. एवढा धीर नसेल तर निळ्यावर समाधान माना, त्यात कमीपणा नाही.

रंग नेहमीच निरुपद्रवी असतो, असं मात्र मी म्हणणार नाही. आल्मंड घ्या. तो जीन बापाकडूनही आला आणि आईकडूनही, तर नर पिल्लाच्या डोळ्यांत गंभीर दोष येऊ शकतो. म्हणून आल्मंडला आल्मंड लावायचाच नाही. तरीही भाव मिळतो म्हणून लावणाऱ्याला शौकीन म्हणू नये. पांढऱ्या पिसात मेलॅनिन नसतं आणि ते काळ्या पिसापेक्षा लवकर झिजतं. ससाण्याचंही आहेच. २००५ साली 'नेचर'मध्ये आलेल्या अभ्यासात कमरेवर पांढरा डाग असलेले रस्त्यावरचे पारवे ससाण्याच्या तावडीतून जास्त सुटताना दिसले. संशोधकांनी कमरेची पिसं अदलाबदल केली, तर नशीबही अदलाबदल झालं. म्हणजे रंगाचा परिणाम होतो, पण कुठला, कुठे आणि कसा ते तपासावं लागतं. "रंगीत म्हणजे कमजोर" म्हणून हात झटकता येत नाहीत. रंग बघून लायकी ठरवायची खोड आपल्या समाजाला लग्नाच्या जाहिरातींपासून आहेच, ती निदान ढाबळीत तरी नको.

२०२० साली बेल्जियमची न्यू किम ही मादी १६ लाख युरोंना विकली गेली. तिच्यावर बोली लावणाऱ्यांनी रेसचे निकाल आणि वंशावळ बघितली होती. आपल्याकडे रंगाच्या फोटोवर पैसे जातात आणि निकाल कुणी मागत नाही. ज्या पोराने खाऊचे पैसे साठवून 'रेअर' जोडी घेतली, ते दोन हंगामांनंतर छंदच सोडतं. आणि ज्या पिल्लाला घरी येण्याचा वारसाच दिला नाही, ते दोनशे किलोमीटरवर सोडलं जातं. हरवलं म्हणजे रानात सुखाने राहिलं असं नसतं. उपाशी मरतं, तारेला लागतं, शिकार होतं. आपल्या हौसेची किंमत ते मोजतं.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी रंगाचं कौतुक सांगायला लागला की एकच विचारा: या जोडीची किती पिल्लं रेसला गेली आणि किती घरी आली? आकडा सांगितला तर रंग बघा. विषय बदलला तर फोन ठेवून द्या.