ट्रॉली भरण्याआधी ताडपत्री पाहा



सोयाबीनची मळणी आटोपली, पोती शिवून झाली, की घरात एकच घाई असते. माल लवकर बाजारात न्यावा, हातात पैसा यावा आणि रब्बीच्या पेरणीला लागावे. नेमका त्याच दिवसांत परतीचा पाऊस रेंगाळत असतो. ट्रॅक्टर सांगितलेला, हमाल ठरलेले, आणि ऐनवेळी माळ्यावरची ताडपत्री खाली काढावी तर ती उंदरांनी कुरतडलेली! मग "दोन तासांचा तर रस्ता, जाऊ तसेच" असे म्हणून गाडी निघते. या दोन तासांत काय होऊ शकते, त्याचा आज हिशोब मांडू या.

सन २०२५-२६ च्या खरिपासाठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये ठरला. त्या भावाने ट्रॉलीतील पंचवीस क्विंटल माल १,३३,२०० रुपयांचा होतो. म्हणजे घरातील सर्वांची चार महिन्यांची मेहनत एका कापडाखाली जात असते.

आता पावसाचे पाहा. दहा फूट लांब व सहा फूट रुंद हौद्यावर २० मिलिमीटर पाऊस पडला, तर सुमारे ११० लिटर, म्हणजे सात-आठ घागरी पाणी पडते. ताडपत्री ताणलेली असेल तर ते वाहून जाते. पण ती मध्ये खोलगट झाली, तर पाणी तेथे साचते आणि त्या खोलगट जागी बोटाएवढे भोक असले तरी सगळे त्यातून खाली उतरते. भोक किती मोठे आहे, यापेक्षा ते कोठे आहे, हे अधिक महत्त्वाचे.

साठ किलोच्या पोत्यात ११ टक्के ओलावा असेल, तर जेमतेम तीन लिटर पाणी मुरताच तो १५ टक्क्यांवर जातो. हमीभाव खरेदीत सोयाबीनला १२ टक्क्यांची मर्यादा असते. सन २०२४ च्या हंगामात ती १५ टक्क्यांपर्यंत सैल केली होती, परंतु अशा सवलतीवर विसंबून माल भिजू देणे शहाणपणाचे नाही. खुल्या बाजारातही तेच. पोत्यात टोकदार नळी खुपसून नमुना काढतात. दोन पोत्यांतून ओला दाणा निघाला, की व्यापारी सगळ्याच मालाचा भाव पाडतो.

आधी तपासणी

माल भरण्याच्या आठ दिवस आधी ताडपत्री अंगणात पसरा. झाडून, साबणाच्या पाण्याने धुऊन कडक वाळवा. मग दोघांनी ती उन्हासमोर उभी धरावी व तिसऱ्याने सावलीच्या बाजूने पाहावे. जेथून उजेडाचा ठिपका दिसेल, तेथे खडूने खूण करावी. घरातील शाळकरी मुले हे काम मोठ्या हौसेने करतात.

दुसरी परीक्षा बळकटीची. जेथे फाटलेले नाही, अशा तीन-चार ठिकाणी कापड दोन्ही हातांनी ताणा. प्लॅस्टिकच्या ताडपत्रीची घडी घालून नखाने दाबा. घडीवर तडे गेले, पांढरी भुकटी सुटली किंवा कापड हाताने टरकले, तर उन्हाने तिचा जीव गेला असे समजा. अशा ताडपत्रीला ठिगळ लावणे व्यर्थ. ठिगळ टिकेल, पण त्याच्या शेजारचे कापड फाटेल. कापड बळकट आहे आणि भोके मोजकी आहेत, तर मात्र नवीन घेण्याची गरज नाही.

ठिगळ कसे लावावे

कापडी ताडपत्रीला तेवढ्याच जाडीचे कापड घ्या. ठिगळ भोकाच्या चारही बाजूंनी दोन-दोन इंच जास्त असावे आणि त्याचे कोपरे गोल कापावेत, कारण टोकदार कोपरा आधी उसवतो. कडा आत दुमडून, मेण लावलेल्या दोऱ्याने व दाभणाने दुहेरी शिवण घाला. गोधडी शिवणाऱ्या हातांना हे काम नवे नाही. शेवटी शिवणीवर मेणबत्ती घासा, म्हणजे सुईची छिद्रे बुजतील.

प्लॅस्टिकच्या ताडपत्रीवर साधा गोंद किंवा सायकलच्या पंक्चरचे सोल्युशन टिकत नाही. ताडपत्रीच्या दुकानात मिळणारी चिकटपट्टी कोरड्या, स्वच्छ जागेवर दोन्ही बाजूंनी लावा व दाबून बसवा. लांब चीर असेल तर आधी नायलॉनच्या दोऱ्याने शिवून वर पट्टी लावा. पट्टी चिरेच्या दोन्ही टोकांपुढे चार बोटे गेली पाहिजे. इस्त्रीने चिकटविण्याच्या फंदात पडू नका. हे कापड सुमारे १३० अंशांना वितळते. इस्त्री थोडी जास्त तापली, की भोक मोठे होते. डांबरही नको. ते उन्हात मऊ होऊन पोत्यांना लागते.

कडेची रिंग तुटली असेल, तर कापडाच्या आतून सुपारीएवढा गुळगुळीत खडा ठेवा व बाहेरून त्याच्या मानेला दोर आवळून बांधा. शिवण न घालता पक्की गाठ तयार होते.

नवी घेताना

माप हौद्याचे नव्हे, भरलेल्या मालाचे धरा. फाळक्याच्या वर माल दोन फूट असेल आणि ताडपत्री फाळक्याखाली दीड फूट यायची असेल, तर प्रत्येक बाजूस साडेतीन फूट वाढवा. दहा बाय सहाच्या हौद्याला १७ बाय १३ फूट लागते. तेव्हा १८ बाय १५ ची घ्यावी. शिवणीत माप कमी भरते, म्हणून दुकानातच फीत लावा. जाडीची खात्री वजनाने होते. दर चौरस मीटरला २०० ग्रॅम सांगितली असेल, तर १८ बाय १५ ची ताडपत्री पाच किलोच्या आसपास भरली पाहिजे. साडेतीन किलो भरली, तर दुकानदाराला जाब विचारा.

बांधताना

मधली पोती एक थर उंच रचा, म्हणजे पाण्याला दोन्ही बाजूंना उतार मिळेल. फाळक्याच्या लोखंडी कोपऱ्यांवर जुने गोणपाट घाला. नवी ताडपत्री पहिल्याच फेरीत तेथेच फाटते. दोन ताडपत्र्या असतील, तर पुढची मागचीच्या वर यावी, नाहीतर वारा जोडातून शिरतो. नुसत्या रिंगांवर विसंबू नका, वरून आडवे दोर घ्या. फडफडणारे कापड लहानशी चीर कोसभरात हातभर करते. चार-पाच किलोमीटर गेल्यावर गाडी थांबवून दोर पुन्हा आवळा, कारण तोवर माल खाली बसलेला असतो. मागचा दिवा व लाल परावर्तक झाकू नका आणि दोराचे टोक चाकाशी लोंबू देऊ नका. सुटलेली ताडपत्री मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याच्या तोंडावर आली, तर एखाद्याचा जीव जाईल.

कांदा नेणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना. उन्हात कांदा प्लॅस्टिकखाली गच्च झाकला तर त्याला घाम सुटतो आणि तो सडू लागतो. ताडपत्री पुढे गुंडाळून बांधा व आभाळ आले तरच उलगडा.

निकामी ताडपत्री जाळू नका, तिचा धूर विषारी असतो. धड तुकडे कापून हौद्याच्या तळाशी, पोत्यांखाली अंथरा. रात्र बाजार आवारात काढावी लागली, तर खालच्या थराचे रक्षण तेच करतील.

तेव्हा ट्रॅक्टर सांगण्याआधी ताडपत्री अंगणात पसरा. अर्ध्या दिवसाचे काम आहे आणि तेही घरच्या माणसांनी करण्याजोगे.