फळा दिसत नाही, दोष मात्र डोक्याला!

वस्तीतलं पोर वर्गात मागे पडलं की निदान तयार असतं : ‘यांच्या डोक्यात शिरत नाही.’ ज्यांच्या बापजाद्यांना अक्षर शिकू दिलं नाही, त्यांच्या पोराला आज फळ्यावरचं अक्षर दिसत नाही, आणि दोष त्याच्या बुद्धीचा! आम्ही विचारतो, त्याचे डोळे कोणी तपासले?

सरकार म्हणेल, 2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे, शाळेत तपासणी होते, चष्मा मोफत मिळतो. पण हा कार्यक्रम सरकारी आणि अनुदानित शाळांसाठी. गोवंडी-मानखुर्दच्या गल्लीतल्या विनाअनुदानित ‘इंग्लिश मिडियम’मधलं पोर त्यात बसत नाही. आणि ‘शिका’ हा शब्द मनावर घेऊन, पोटाला चिमटा काढून तिथली फी भरणारे आईबाप आमचेच आहेत.

जिथे तपासणी होते तिथे हातात चिठ्ठी पडते. ती घेऊन रुग्णालयात जायचं कोणी? ओपीडी सकाळची. एक दिवस रांगेत, मग डोळ्यात थेंब टाकून दुसरी तारीख, चष्म्यासाठी तिसरी. धुणीभांडी करणाऱ्या बाईचे तीन खाडे! त्यात एखादं काम सुटलं तर ते सरकार मिळवून देणार आहे का? महात्मा फुल्यांचं नाव दिलेली आरोग्य योजना भरती झालेल्या पेशंटसाठी. चष्म्यासाठी कोणी अ‍ॅडमिट होतं का? वर 2017 पासून चष्म्यावर 12 टक्के जीएसटी घेतला. 2025 मध्ये तो 5 टक्क्यांवर आणला, म्हणून आम्ही आभार मानायचे?

उशिराची किंमत पोरच भरतं. एक डोळा आळशी पडला आणि सात-आठ वर्षांच्या आत उपचार झाला नाही, तर पुढे चष्मा लावूनही नजर पुरती येणं अवघड.

निवडणुकीआधी बॅनर लावून नेत्रशिबिरं भरतात. त्यातही पोरं कमी, मोतीबिंदूचे म्हातारे जास्त. मतं त्यांचीच ना! आम्हाला शिबिराची भीक नको. संविधानाचं कलम 47 सार्वजनिक आरोग्य सुधारणं हे राज्याचं प्राथमिक कर्तव्य मानतं.

थोडं घरातलंही बोलू. ‘चष्मा लागला तर पोरीचं लग्न कसं होणार?’ भिंतीवर चष्म्यातले बाबासाहेब आणि खाली हा प्रश्न! जयंतीच्या एका डीजेच्या पैशात किती पोरींचे चष्मे होतील, हे मंडळांनीच मोजावं.

तरुणांनो, माहिती अधिकाराच्या अर्जाला 10 रुपये लागतात. आपल्या वॉर्डातल्या शाळांची नावं घालून विचारा : गेल्या वर्षी किती पोरं तपासली, किती जणांना चिठ्ठी दिली, आणि किती चष्मे खरंच नाकावर चढले? 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. नाही आलं तर अपील करा, आणि आकडे घेऊन वॉर्ड ऑफिसवर चला.

जय भीम!