यंत्र कुणाच्या कातडीवर बेतलेले?

मुंबईच्या दिंडोशीतल्या कुठल्याही गल्लीत पार्लरच्या पाटीवर आता थ्रेडिंग-फेशियलच्या जोडीला ‘लेझर’ आणि ‘पील’ लिहिलेले असते. लग्नसराई जवळ आली की मुली आणि त्यांच्या आया तिथे रांग लावतात. त्या रांगेतल्या प्रत्येकीने एकच प्रश्न विचारावा असे मला कळकळीने वाटते: हे यंत्र माझ्या रंगाच्या कातडीला चालते का?

केस काढणारे लेझर काळा रंग शोधते. केसाच्या मुळाशी असलेल्या मेलॅनिन या रंगद्रव्याने त्याचा प्रकाश शोषावा आणि त्या उष्णतेने मूळ जळावे, एवढेच त्याचे काम. पण सावळ्या कातडीच्या वरच्या थरातही मेलॅनिन दाट असते, आणि मग केसाआधी कातडीच भाजू शकते. ७५५ नॅनोमीटरच्या अलेक्झांड्राइट लेझरने हा धोका जास्त. १०६४ नॅनोमीटरच्या एनडी-याग लेझरचा प्रकाश मेलॅनिन कमी शोषते, म्हणून तो पुष्कळ सुरक्षित. भाजल्या जागी काळा डाग पडतो आणि महिनोन्‌महिने जात नाही. कातडीचा वरचा थर सोलणाऱ्या कडक रासायनिक पीलचेही तसेच. वांग घालवायला गेलेली बाई जास्त गडद वांग घेऊन घरी येते, आणि वर ‘तुमची स्किनच सेन्सिटिव्ह’ हे ऐकते. दोष तिच्या कातडीचा नाही.

कातडीचे प्रकार ठरवणारी फिट्झपॅट्रिक मोजपट्टी १९७५ साली आली, तीही गोऱ्यांपुरती. तपकिरी आणि काळ्या कातडीचे प्रकार तिच्यात नंतर जोडले गेले. आफ्रिकी वंशाच्या माणसांचे आणि आपले दुखणे इथे एकच आहे. त्याच १९७५ मध्ये आपल्याकडे ‘फेअर अँड लव्हली’ ही गोरेपणाची क्रीम बाजारात आली. २०२० मध्ये तिचे नाव बदलले. गोरेपणाची हाव मात्र अजून पाराही तोंडाला फासते. पारा मेलॅनिन बनू देत नाही, म्हणून चेहरा उजळतो, आणि तोच पारा रक्तातून मूत्रपिंडात उतरतो. अकोल्यातल्या एकाच घरातल्या तिघींची मूत्रपिंडे गोरे करणाऱ्या क्रीमने बिघडल्याचे २०२३ मध्ये उघड झाले. मुंबईच्या केईएम रुग्णालयात तपासलेल्या त्या क्रीममध्ये पारा सापडला. गोरेपणासाठीच फासली जाणारी स्टिरॉइडची मलमे २०१८ पासून डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. तरी ‘ते गोरं करणारं मलम द्या’ म्हटले की मेडिकलवाला ती काउंटरवर ठेवतो.

अन्न व औषध प्रशासनाने उपनगरांतल्या या काउंटरांवर आणि पार्लरच्या बिनलेबली डब्यांवर धाडी घालाव्यात. लेझर कोण चालवतो, त्याच्यामागे त्वचारोगतज्ज्ञ आहे का, हे पाटीवरच लिहायला लावावे. तोवर मुलींनो, आधी कानामागे नाण्याएवढ्या जागेवर चाचणी करून घ्या आणि काही आठवडे थांबा. लग्नाची तारीख जवळ आली असेल तर लेझर राहू द्या.