प्रतिकारशक्ती वाढवायची की सांभाळायची?

शाळेच्या स्नेहसंमेलनात ध्वनिक्षेपक एकाएकी किंचाळू लागतो, हा अनुभव सर्वांनाच आहे. कर्ण्यातून निघालेला आवाज मायक्रोफोनमध्ये शिरतो, मोठा होऊन बाहेर पडतो आणि पुन्हा आत शिरतो. अशा वेळी 'आवाज वाढवा' असे कोणी म्हणत नाही. आपण बटण मागे फिरवतो.

मी पदार्थविज्ञान शिकवतो, वैद्यक नव्हे. तरीही 'रोगप्रतिकारशक्ती वाढवा' ही जाहिरात दिसली की मला तो ध्वनिक्षेपक आठवतो.

आपल्या पेशी एकमेकींना निरोप धाडतात ते लहान लहान प्रथिनांच्या द्वारे. त्यांना सायटोकाइन म्हणतात. १९५७ साली आयझॅक्स व लिंडेनमन यांनी लंडन येथे इंटरफेरॉन शोधून काढले. विषाणूने ग्रासलेली पेशी या प्रथिनाच्या द्वारे शेजारणींना सावध करते. इंटरल्यूकिन-१ मेंदूतील तापमान-नियंत्रक केंद्राची पातळी वर सरकवते, म्हणून ताप येतो. टीएनएफ हे प्रथिन पांढऱ्या पेशींना लढ्यासाठी चेतवते. चेतलेल्या पेशी आणखी निरोप सोडतात, म्हणजे आवाजाने आवाज वाढतो! सुदैवाने इंटरल्यूकिन-१० सारखी प्रथिने तो आवरतात.

आवरणे साधले नाही तर काय होते? संधिवाताच्या एका प्रकारात, म्हणजे आमवातात, टीएनएफचा अतिरेक सांधे झिजवतो. ते रोखणारी औषधे १९९० नंतरच्या दशकात आली आणि अनेकांचे दुखणे हलके झाले. परंतु क्षयाच्या सुप्त जंतूंना कोंडून ठेवण्याचे कामही टीएनएफच करते. म्हणून औषध देण्यापूर्वी डॉक्टर क्षयाची तपासणी करतात. जास्तही नको, कमीही नको!

मार्च २००६ मध्ये लंडनला एका नव्या औषधाची चाचणी झाली. ते प्रतिकार-पेशींना चेतवणारे होते. सहा निरोगी तरुणांना ते टोचताच काही तासांत सायटोकाइनचे वादळ उठले आणि सहाही जण अतिदक्षता विभागात गेले. सुदैवाने सर्वजण वाचले. पुढे २०२० साली कोविडच्या अत्यवस्थ रुग्णांना जीवदान देणारे डेक्सामेथासोन हे प्रतिकाराचा भडका शमवणारे औषध होते. ज्यांना प्राणवायूची गरज नव्हती, त्यांना मात्र त्याचा लाभ दिसला नाही.

कोणी विचारील, मग लस कशाला? लस सगळा आवाज वाढवत नाही. ती एका विशिष्ट शत्रूची ओळख पटवून देते.

तेव्हा विद्यार्थिमित्रांनो, 'शक्ती वाढते' असे कोणी सांगितले तर तीन प्रश्न विचारा : नेमके काय वाढते? किती वाढते? आणि थांबते कसे? शिक्षकांनीही हे प्रश्न वर्गात घ्यावेत. तिसऱ्याचे उत्तर नसेल, तर बाटली विकत घेण्याची घाई नको.