काचपट्टीपलीकडची बाई

मागच्या महिन्यात भाचीकडे जेवायला गेले होते. मला निवृत्त होऊन आता दोन वर्षं होत आली, त्यामुळे "वेळ कसा जातो?" हा प्रश्न वरणभाताबरोबर वाढला जातोच. भाची म्हणाली, "मावशी, तू व्हॉलंटिअरिंग का नाही करत? कॅम्पला जा एखाद्या. नाहीतर सरळ सहा महिने आफ्रिकेत जा!" त्यावर जावईबापू हळूच म्हणाले, "पण मावशी तिथे जाऊन करणार काय? त्या कुठे पेशंट तपासतात?"

सगळे हसले. मीही हसले. पण प्रश्न घरी घेऊन आले...

नवीन वाचकांसाठी सांगते, मी पॅथॉलॉजिस्ट, त्यातही बायकांच्या आजारांची. गर्भाशय, अंडाशय, गर्भाशयाचं तोंड इथून काढलेला तुकडा मायक्रोस्कोपखाली बघून हा कॅन्सर आहे का, असला तर कुठला, हे लिहून द्यायचं. तीसेक वर्षं तेच केलं. त्यातल्या बहुतेक बायकांचा चेहरा मी कधी पाहिलेला नाही.

आता एक कबुली. वीसेक वर्षांपूर्वी मी एका संस्थेच्या शिबिराला गेले होते. मंडप, नारळ, हार, सत्कार, सगळं साग्रसंगीत. दिवसभरात दीडशेच्या वर बायकांचे पॅप स्मीअर घेतले आणि काचपट्ट्या डब्यात भरून पुण्याला आणल्या. नोकरीतून सवड काढत त्या वाचून संपवायला मला अडीच महिने लागले. तिघींच्या पेशींमध्ये गंभीर बदल होते. दोघींचा पत्ता लागला. तिसरी ऊसतोडीला गेलेली. वहीत फक्त नाव आणि गाव. तिचं पुढे काय झालं, मला आजतागायत माहीत नाही. शिबिराचा फोटो मात्र पेपरात छापून आला होता.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय. ज्या तपासणीचा निकाल त्या बाईपर्यंत पोचत नाही आणि पुढच्या उपचाराची सोय ज्यात नाही, ती सेवा नव्हे. ते आपलं समाधान.

हा आजार काही किरकोळ नाही. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात त्या एका वर्षात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे सव्वा लाखाहून जास्त नवे रुग्ण होते आणि मृत्यू ८० हजारांच्या आसपास. आणि गंमत बघा (गंमत कसली म्हणा!), यावरचा एक फार मोठा अभ्यास आपल्याच उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आताच्या धाराशिवमध्ये झाला. तीस ते एकोणसाठ वयाच्या १ लाख ३१ हजार बायका. २००९ साली त्याचे निष्कर्ष आले. आयुष्यात एकदा एचपीव्ही चाचणी केलेल्या गटात या कॅन्सरने होणारे मृत्यू निम्म्यावर आले. पॅप स्मीअरच्या गटात तसा ठोस फरक दिसला नाही. ज्या पॅप स्मीअरवर मी हयात घालवली, त्याबद्दल हे वाचताना जरा लागलंच. पण खरं ते खरं.

मग आमची गरज संपली का? मुळीच नाही. ती जागा बदलली, एवढंच. एचपीव्ही चाचणी कोणाला धोका आहे ते सांगते, रोग आहे की नाही ते सांगत नाही. त्यासाठी पुढची तपासणी हवी, गरज पडली तर तुकडा काढायला हवा, आणि तो तुकडा कोणीतरी नीट वाचायला हवा. शिवाय बाकीचं आहेच. अंडाशयाच्या गाठींचे डझनावारी प्रकार, आणि प्रकार चुकला की उपचार चुकला. द्राक्षगर्भ साधा गर्भपात म्हणून सुटला, तर त्या मुलीच्या रक्तावर पुढे लक्ष ठेवायचं राहून जातं. त्यातून क्वचित होणारा कॅन्सर वेळेवर कळला तर औषधांनी बरा होतो. म्हणजे वाचू शकणारी बाई हातची जाते.

भाचीची आफ्रिका अगदीच चुकीची नव्हती हं. रवांडात बुटारोला २०१२ मध्ये कॅन्सर केंद्र सुरू झालं, तेव्हा तिथले तुकडे तपासायला थेट बॉस्टनला जायचे. पुढे तिथेच लॅब उभी राहिली, तंत्रज्ञ तयार झाले, आणि काचपट्ट्यांची चित्रं पाठवून दूरच्या तज्ज्ञांचं मत घेता येऊ लागलं. इंटरनॅशनल गायनेकॉलॉजिक कॅन्सर सोसायटीसारख्या संस्था दूरदेशीच्या शिकाऊ डॉक्टरांसाठी ऑनलाइन ट्यूमर बोर्ड चालवतात. सर्जन आणि रेडिएशनवाल्यांबरोबर तिथे पॅथॉलॉजिस्टही लागतो. पासपोर्ट लागत नाही, नेमाने हजर राहावं लागतं. आपल्यासारख्यांना नेमकं तेच जड जातं.

माझं म्हणणं एवढंच. आमच्यासारख्यांनी द्यायचं ते दुसरं मत आणि शिकवणं. रिपोर्टवर सही तिथल्याच डॉक्टरची हवी, कारण उद्या प्रश्न आला तर उत्तर द्यायला तोच तिथे असणार. आपण परत आल्यावर जे बंद पडतं, ते सुरूच न केलेलं बरं.

असो. मी काय ठरवलं? एका छोट्या सरकारी लॅबशी बोलले. दर बुधवारी दोन तास, फोनवर आणि स्क्रीनवर. महिन्यातून एकदा प्रत्यक्ष. पहिल्या भेटीत मायक्रोस्कोपला हातसुद्धा लावला नाही. गर्भाशय छोट्या बरणीत कोंबून पाठवत होते, फॉर्मॅलिन जेमतेम बुडेल एवढं. वरून टिकतं, आतून नासतं, मग देवालाही वाचता येत नाही! तेव्हा मोठी बरणी, भरपूर फॉर्मॅलिन आणि नीट चीर देऊन उघडलेलं गर्भाशय, इतकंच शिकवलं. सोबत एक नवी वही दिली. तिच्यात नाव आणि गावाशेजारी दोन रकाने जास्तीचे आखलेत. एक फोन नंबरचा, आणि दुसरा 'निकाल कोणी, कधी सांगितला' याचा.

जावईबापूंना सांगा कोणीतरी. मावशी पेशंट तपासत नाहीत, पण आता निदान त्यांचा पत्ता तरी विचारतात.