मोटारगाडी वेशीवर थांबू द्या

मुळशी तालुक्यात मोसे नदीच्या खोऱ्यात, वरसगाव धरणाच्या जलाशयाकाठी लवासा हे नवे नगर वसविण्याचा घाट घातला गेला, तेव्हा त्याच्या आखणीतील एक तत्त्व आवर्जून सांगितले जात असे. घर, बाजार, शाळा आणि कामाचे ठिकाण ही सारी माणसाला पायी गाठता आली पाहिजेत, असे ते तत्त्व होते. त्या आराखड्याला परदेशात पारितोषिकेही मिळाली. पुढचा इतिहास सर्वश्रुत आहे. २०१० च्या नोव्हेंबरात केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने बांधकामाला अटकाव केला, पुढील वर्षी सशर्त मंजुरी मिळाली आणि २०१८ मध्ये लवासा कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. जमीन, पाणी आणि पर्यावरण यांविषयीच्या त्या वादात येथे शिरावयाचे नाही. येथे विचार करावयाचा प्रश्न आकाराने लहान, परंतु अधिक व्यापक आहे. जे नगर पायी चालणाऱ्यासाठी आखले गेले, तेथे मोटारगाडीवाचून कोणाचे पान का हलू नये?

पुण्याहून पिरंगुट, मुठा आणि टेमघर या मार्गाने लवासाला पोहोचण्यास साठ किलोमीटरांच्या आसपास अंतर तोडावे लागते व मध्ये घाट चढावा लागतो. हा प्रवास गाडीने होणे समजण्यासारखे आहे. परंतु घाट उतरून दासव्याला पोहोचलेला पर्यटक तेथील एक-दोन किलोमीटरांसाठीही तीच गाडी पुन्हा सुरू करतो. त्याला केवळ आळशी म्हणून भागणार नाही, कारण त्यामागे साधे अर्थशास्त्र आहे. गाडीची किंमत, घसारा, विमा आणि कर्जाचे व्याज हा खर्च गाडी उभी राहिली तरी होतच असतो. एकदा तो झाला की पुढच्या प्रत्येक फेरीला केवळ पेट्रोलचा खर्च दिसतो आणि तो अल्प वाटतो. रस्त्याकडेची सार्वजनिक जागा तर गाडी उभी करण्यास बहुधा फुकटच मिळते. धूर, गोंगाट आणि अडलेला रस्ता यांचा भार इतरांवर पडतो. असा परभारे पडणारा खर्च ज्याचा त्याच्याकडून वसूल झाला पाहिजे, हा विचार पिगू या अर्थशास्त्रज्ञाने १९२० मध्येच मांडला होता. आपण मात्र शंभर वर्षांनंतरही मोटारगाडीला त्यातून सूट देत आलो आहोत.

लुनाने दिलेला धडा

पायी चालणे आणि मोटारगाडी यांच्या मधली एक पायरी महाराष्ट्राला अपरिचित नाही. किंबहुना ती पुण्यानेच देशाला दाखविली. फिरोदियांच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने १९७२ मध्ये ‘लुना’ बाजारात आणली. पन्नास घनसेंटिमीटरांचे लहानसे इंजिन, सायकलीसारखी पायडले आणि कोणालाही सहज पेलेल असे वजन, एवढाच तिचा संसार. स्कूटरसाठी वर्षानुवर्षे क्रमांक लावून बसावे लागे असा तो काळ होता. अशा वेळी प्राथमिक शिक्षक, कारकून, दूधवाले आणि मुख्यतः नोकरी करणाऱ्या स्त्रिया यांना लुनाने स्वतःच्या हक्काचे वाहन दिले. कमी वेग ही तिची उणीव नव्हती. गरजेपुरताच वेग असल्यामुळे ती सामान्यांच्या आवाक्यात राहिली. पुढे अधिक शक्तीच्या दुचाक्या आल्या, त्यांच्यामागून कर्जावरच्या मोटारगाड्या आल्या आणि ही मधली पायरी आपण उखडून टाकली. २०२४ मध्ये लुना विजेवर परत आली खरी, परंतु पायडलांवाचून आली.

त्या पायडलांची खरी वारस आजची विजेची सायकल आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार जिच्या विद्युत यंत्राची शक्ती २५० वॉटपेक्षा कमी, वेगाची मर्यादा ताशी २५ किलोमीटरांच्या आत आणि बॅटरी वगळता वजन ६० किलोपर्यंत आहे, ती मोटार वाहन मानली जात नाही. साहजिकच तिला नोंदणी लागत नाही, चालविणाऱ्याला परवाना लागत नाही.

परंतु घाटाचे काय, असा प्रश्न कोणीही विचारील. त्याचे उत्तर गणिताने देता येते. स्वार आणि सायकल मिळून १०५ किलो वजन धरू आणि ते ३०० मीटर उंच चढवावयाचे आहे असे समजू. त्यासाठी लागणारी ऊर्जा सुमारे ८६ वॉट-तास भरते. वाटेतील घट धरून ती सव्वाशे मानली, तरी ३६ व्होल्ट आणि १० अँपिअर-तास क्षमतेच्या बॅटरीतील साठ्याचा तो जेमतेम एक-तृतीयांश होतो. विजेचा दर युनिटला दहा रुपये धरल्यास ही चढण सव्वा रुपयात होते. त्याच एका माणसाला एक टन वजनाच्या गाडीतून तितकेच उंच न्यावयाचे, तर निव्वळ चढणीसाठी सुमारे चार दशांश लिटर पेट्रोल, म्हणजे चाळीस रुपये जळतात. यातील बहुतांश इंधन माणूस चढविण्यासाठी नव्हे, तर लोखंड चढविण्यासाठी खर्च होते. तीव्र चढावर २५० वॉटचे यंत्र एकटे पुरे पडत नाही, पायडल मारावेच लागते, हे खरे. परंतु निम्मा भार यंत्राने उचलल्यावर उरलेला भार मध्यम वयाच्या माणसालाही पेलतो.

आक्षेप आणि त्यांचे मोल

या सूचनेवरील आक्षेप दुर्लक्षिण्यासारखे नाहीत. मुळशीचा पाऊस प्रसिद्ध आहे. आषाढ-श्रावणात या घाटात सायकल चालविणे सुखाचे नाही आणि धुक्यात ते धोक्याचेही आहे. म्हाताऱ्या माणसांना, आजाऱ्यांना व तान्ह्या मुलांना बंद वाहनच हवे. बॅटरी काही वर्षांनी बदलावी लागते आणि तिला काही हजार रुपये पडतात. भरधाव गाड्यांच्या रस्त्यावर संथ सायकलस्वाराच्या जिवाला धोका असतो. यांपैकी शेवटचा आक्षेप सर्वांत गंभीर आहे, परंतु तो वस्तुतः सायकलीविरुद्ध नसून गाडीच्या वेगाविरुद्ध आहे. उरलेल्या आक्षेपांवरून एवढेच सिद्ध होते की प्रत्येक प्रवास सायकलीने होणार नाही. तसा आग्रहही कोणी धरू नये. पुण्याहून लवासापर्यंत एस. टी. ची बस हेच योग्य साधन आहे. विजेच्या सायकलीचे क्षेत्र त्यापुढचे पाच-सात किलोमीटर हे आहे.

त्या पाच-सात किलोमीटरांत पर्यटकांखेरीज आणखीही माणसे आहेत. दासवे, मुगाव, धामणओहोळ यांसारख्या खोऱ्यातील गावांचे लोक, हॉटेलांत आणि बागांत काम करणारे, पहारेकरी आणि तेथील विद्यापीठाच्या आवारातील विद्यार्थी हे या रस्त्याचे रोजचे वाटसरू होत. त्यांच्यासाठी मोटारगाडी हा पर्यायच नाही. सहा आसनी गाडीची वाट पाहणे किंवा हप्त्याने मोटारसायकल घेऊन पगाराचा मोठा वाटा पेट्रोल आणि व्याज यांत घालविणे, एवढेच त्यांच्यापुढे उरते. तीस-चाळीस हजारांची सायकल त्यांना परवडू शकते. मात्र त्यासाठी शासनाचा हात पुढे आला पाहिजे. येथेच धोरणाची विसंगती उघडी पडते. केंद्राच्या विद्युत वाहन अनुदानाच्या योजना नोंदणीकृत वाहनांसाठी आखल्या गेल्या. जी सायकल कायद्याच्या दृष्टीने वाहनच नव्हे, ती अनुदानाच्या यादीतूनही आपोआप गळाली. हा दंडक अटळ नाही, हे दिल्ली सरकारने २०२२ मध्ये पहिल्या दहा हजार विजेच्या सायकलींना साडेपाच हजार रुपयांपर्यंत अनुदान जाहीर करून दाखविले. महाराष्ट्राला यात मागे राहण्याचे कारण नाही.

गाडी वेशीवर थांबविल्यास पर्यटक पाठ फिरवतील, ही भीतीही अनाठायी आहे. आपल्याच राज्यात, सह्याद्रीच्याच रांगेत माथेरान आहे. तेथे मोटारगाडी दस्तुरी नाक्यावर थांबते, पुढे जाऊ शकत नाही, आणि तरीही माणसे पिढ्यान्पिढ्या तेथे जात आली आहेत. माणसाने ओढलेल्या रिक्षांचा प्रश्न तेथे दीर्घकाळ होता. त्यावरचा उपायही मोटारगाडीत नव्हे, तर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या अनुमतीने प्रयोगादाखल आलेल्या ई-रिक्षात शोधण्यात आला. लवासाची रचना तर माथेरानहून सोयीची आहे. दासव्याच्या प्रवेशाशी सशुल्क वाहनतळ करावा, त्या शुल्कातून विजेच्या सायकली भाड्याने देणारे तळ व चार्जिंगची सोय उभी करावी, अपंग व वृद्धांसाठी ई-रिक्षा ठेवाव्यात आणि स्थानिक कामगारांना सायकलीसाठी बिनव्याजी कर्ज द्यावे. यासाठी नवा रस्ता खोदावा लागणार नाही की नवी जमीन घ्यावी लागणार नाही.

लवासाच्या खोऱ्याने मोठ्या योजनांची मोठी किंमत मोजली आहे. आता तेथे एका लहान योजनेची परीक्षा घेण्यास हरकत नसावी. ती यशस्वी झाली तर पिरंगुटच्या औद्योगिक वसाहतीपासून पुण्याच्या महाविद्यालयांपर्यंत तिचा विस्तार करता येईल. फसली तर नुकसान काही शे सायकलींचे होईल. मोटारगाडीवर आपण केलेल्या पैजेत मात्र हरण्याची किंमत आपली शहरे रोज भरत आहेत.