गिऱ्हाईक समोर, बहीण सासरी

उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तिसऱ्यांदा ‘उद्या या’ ऐकलं की तुम्ही चिडून म्हणता, दुकानदार बरा, निदान बसा तरी म्हणतो. सरकारनेही आम्हाला गिऱ्हाईक समजावं! राग रास्त आहे. २०१५ च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमाने अधिसूचित सेवांना मुदत बांधून दिली आहे. पुरेशा कारणाविना ती मोडली तर अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड. दोन अपिलं खात्यात, तिसरं आयोगाकडे. तेव्हा अर्ज दिला की पोच घ्याच.

पण गिऱ्हाईक हा शब्द जपून वापरा. दुकानदार समोर उभा असेल त्याचंच बघतो. आता वारसाची नोंद घ्या. वडील वारले, दोघे भाऊ अर्ज घेऊन चावडीत आले. गिऱ्हाईक तेच. सासरी नांदणाऱ्या बहिणीचं काय? ती ना अर्जात, ना दारात. तरीही जमीन महसूल संहितेच्या कलम १५० प्रमाणे चावडीवर नोटीस लावायची, हितसंबंधितांना लेखी कळवायचं, हरकतीला पंधरा दिवस द्यायचे. भावांना हा उशीर वाटतो. पण बहिणीला आपलं नाव सांगायला तेवढेच दिवस आहेत! नोटीस नुसती कागदोपत्री लागली, तर भाऊ खूश आणि बहीण सातबाऱ्याबाहेर.

तलाठी भाऊसाहेब (पाटीवर आता ग्राम महसूल अधिकारी असलं तरी आमच्या तोंडी तलाठीच), ते पंधरा दिवस पुरे द्या. हरकत नसेल तर मात्र सोळाव्या दिवशी नोंद मंडळ अधिकाऱ्यांच्या टेबलावर दिसू द्या. तुमच्या कपाटात नको.